बांधापासून बांधापर्यंत

तुरीच्या शेंगा वाळून वाऱ्यावर खुळखुळायला लागल्या की गावाकडून फोन येतोच. यंदाही आला. पुतण्या महेश बोलत होता. उदगीरपासून बारा-तेरा किलोमीटर आत असलेलं आमचं रान आता तोच बघतो. "काका, रविवारी येळवस हाय. मागच्या वर्सी तुमी आला न्हाईत. आई म्हनली, यंदा याच म्हनाव, आन् कॅमेरा घेऊन या." मी बरं म्हणालो. बोलताना मी नांदेडच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत उभा होतो. तिथल्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते आणि भिंतीवरची काळी पाण्याची टाकी. माझे थोरले भाऊ, महेशचे वडील, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, त्यांनी शेवटचे अडीच महिने ह्याच खिडकीतून ह्याच टाकीकडे बघत काढले. त्याला आता दोन वर्षं झाली.

येळवस म्हणजे वेळा अमावास्या, मार्गशीर्षाच्या अखेरची. लातूर-उदगीरकडे त्या दिवशी गावंच्या गावं रानात जेवायला जातात. बाजारपेठेत कुत्रं दिसत नाही. नांदेडला ह्या सणाचं तेवढं कौतुक नाही. माझी बायको सुनंदा हिमायतनगरकडची, तिला लग्नानंतर कितीतरी वर्षं वाटायचं की अमावास्येला सण करणारी माणसं थोडी वेडसर असावीत. माझ्या दृष्टीनं मात्र वर्ष सुरू होतं ते तिथून. पावसाळा सगळ्या जगाला सांगत येतो, रब्बीचा हंगाम मुळात अबोल. त्याला वरून काही मिळत नाही. जमिनीत जेवढी ओल मुरलेली असते आणि पहाटे जेवढं दव पडतं, तेवढ्यावर ज्वारी उभी राहते. अण्णा म्हणायचे, खरिपाचं पीक वर बघतं, रब्बीचं खाली बघतं. त्या वर्षी अण्णाही आतल्या ओलीवरच उभे होते.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. तेहतीस वर्षं कागदावर जमीन काढली, ओढे, उतार, बांध, विहिरी. नकाशात विहीर असते, विहिरीच्या काठावर बसलेली बाई नसते. तलावाची बुडीत रेषा निळ्या शाईनं ओढायची; त्या रेषेच्या आत कोण झोपतं, कोण उठतं हे विचारायची पद्धत नव्हती, आणि मीही कधी विचारलं नाही. हात स्वच्छ होता माझा. वरचे साहेब मुद्दाम माझ्या टेबलाशी येऊन रेषा बघून जायचे. निवृत्त झालो आणि त्या हाताला काम उरलं नाही. मग सुनंदाच्या स्वयंपाकघरात माझं लक्ष फार जायला लागलं, फोडणी कधी घालावी हे मी तिला सांगू लागलो, आणि तिनंच एक दिवस मला घराबाहेर काढलं.

बाहेर पडून गेलो तो जुन्या नांदेडातल्या एका बंद होणाऱ्या स्टुडिओत. मालक म्हातारे होते, सामान आवरत होते. कोपऱ्यातल्या एका पेटीवरचं फडकं त्यांनी बाजूला केलं आणि आतून लाकडी, भात्याचा कॅमेरा निघाला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. म्हातारबुवा म्हणाले, ह्याच्यासमोर मी चाळीस वर्षं माणसं बसवली, तुम्ही काय बसवणार? मी म्हणालो, डोंगर. तर म्हणाले, डोंगर बसलेलाच असतो, साहेब. त्यात तुमची काय करामत? मला तेव्हा ते बोलणं नुसतं गमतीचं वाटलं.

हा कॅमेरा कसा चालतो ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ह्याला पोस्टकार्डाएवढी एकेक सुटी फिल्म लागते आणि एका फिल्मवर एकच फोटो निघतो. ती फिल्म अंधारात होल्डरमध्ये भरायची. होल्डर म्हणजे पाटीसारखी चपटी पेटी. दोन्ही अंगांना एकेक फिल्म आणि प्रत्येकीवर सरकतं झाकण. कॅमेऱ्याच्या मागे दुधी काच असते. डोक्यावरून काळं कापड घेऊन त्या काचेवर आधी चित्र बघायचं, आणि तेही उलटं, आभाळ खाली, जमीन वर, डावं उजवीकडे. जुळलं की काचेपुढे होल्डर सारायचा. मग काच झाकली जाते आणि चौकटीची कड नेमकी कुठे आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. झाकण ओढायचं, उजेड आत घ्यायचा, झाकण परत लावायचं. कॅमेऱ्याबाहेर ते झाकण ओढलं गेलं की फिल्म मेली. एका दिवसात दोन फोटो झाले तर खूप. इतका संथ छंद म्हाताऱ्यालाच जमतो आणि म्हाताऱ्याकडेच तेवढा वेळ नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

ती दोन-तीन वर्षं मी नुसता हिंडलो. अर्धापूरला केळीच्या बागांजवळ तिपाई उभी केली की लोक जमायचे. तिपाई दिसली की आमच्याकडे पहिला विचार येतो तो मोजणीचा. एका बागायतदारानं मला बाजेवर बसवून चहा दिला आणि हळूच विचारलं की रस्ता नेमका कोणत्या अंगानं जाणार आहे. मी फोटो काढतोय म्हटल्यावर त्याचा विश्वास बसला नाही. फोटो काढायला एवढं मोठं लाकूड कोण आणतं? हिमायतनगरकडच्या डोंगरात एका मेंढक्याला मी अर्धा तास थांबवलं होतं, मेंढरं चौकटीबाहेर जाईपर्यंत. धर्माबादच्या वाटेवर मळणी चाललेली, तर माणसं जेवायला उठेपर्यंत मीच बसून राहिलो. माणूस गेला की मग झाकण ओढायचं, ही माझी शिस्त होती. माणूस हलतो, माणूस धूसर येतो, माणूस चित्राचा तोल बिघडवतो. असं मी लोकांना समजावून सांगायचो, आणि तेही ऐकून घ्यायचे, कारण म्हाताऱ्याशी कोण वाद घालणार?

मग दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमाराला अण्णांच्या घशात गाठ निघाली. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून नांदेडला पाठवलं आणि नांदेडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उशीर झालाय, किरणांचा शेक देऊन बघू, पण थंडी निघाली तरी पुष्कळ. अण्णा आणि वहिनी आमच्याकडे मागच्या खोलीत राहायला आले. अण्णा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. मला लातूरला शिकायला ठेवलं ते त्यांनीच, स्वतः रानात राहिले. ह्याचा उल्लेख त्यांनी जन्मात केला नाही, म्हणून तो मला करावा लागतो. डॉक्टर काय म्हणाले ते मी त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी महेशला फोनवर ज्वारीची राखण कशी करायची ते एवढ्या बारकाईनं सांगितलं की मला काय ते समजलं.

महेश रोज रानाचे फोटो मोबाइलवर पाठवायचा. अण्णा मोबाइल हातात घेत, डोळ्यांजवळ नेत आणि परत देत. एवढुसं रान, त्यात बोट लागलं की पुढं पळतं. त्यांना ते आवडेना. एका दुपारी शेकाहून आल्यावर ते कितीतरी वेळ त्या टाकीकडे बघत पडले होते. मग मला हाक मारली. आमच्याकडे कर्नाटक कोसावर, त्यामुळे धाकट्या भावाला तम्मा म्हणायची पद्धत.

"तम्मा," ते म्हणाले, आवाज घोगरा, मधे मधे तुटत होता, "तुज्या त्या डब्यातनं आपलं रान एकदा धरून आन. ह्या बांधापासनं त्या बांधापस्तोर. हितं भित्तीला लाव. कणसं मोजता आली पायजेत, बग."

कणसं मोजता आली पाहिजेत! ह्या कॅमेऱ्याचं मर्म ह्याहून चांगलं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी इतका खूश झालो की ते काय मागत होते हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्यांना परत रानात जाता येणार नव्हतं, म्हणून रान त्यांच्याकडे आणायचं होतं. एवढी साधी गोष्ट. मला वाटलं, मला काम मिळालं.

दोनदा गेलो आणि दोनदा रिकाम्या हातानं आलो. पहिल्यांदा वारा होता. ज्वारी डोलत होती आणि डोलणाऱ्या ज्वारीची कणसं मोजता येत नाहीत. तिपाईशेजारी दिवसभर बसून संध्याकाळी मी कॅमेरा मिटला. दुसऱ्यांदा वारा पडला होता, पण आभाळ मळकट होतं. सगळं रान एकाच रंगात पसरलेलं, सावली नाही, खोली नाही. महेश म्हणाला, काका, दिसायला तर सगळं दिसायलंय. मी त्याला उजेडाबद्दल बरंच काही ऐकवलं. घरी आलो तर अण्णा उठून उशीला टेकून बसले होते. आनलास का, म्हणाले. मी म्हणालो, उजेड नव्हता, अण्णा. ते म्हणाले, "दिवसा गेला व्हतास न्हवं?" सुनंदाला हसू आलं, वहिनींनी तोंडाला पदर लावला. अण्णा हसले नाहीत. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

आज तो प्रसंग आठवला की माझी मलाच चीड येते. त्यांना रान हवं होतं, मी चित्र शोधत होतो. मळकट उजेडातलं रान त्यांना चाललं असतं, डोललेली ज्वारी तर जास्तच चालली असती. पण तेहतीस वर्षं ज्याच्या स्वच्छ रेषेचं कौतुक झालं त्याला गबाळं काम देववत नाही, मग समोर मरणारा भाऊ का असेना.

येळवस जवळ आली तशी अण्णांनी हेका धरला की मला घेऊन चला. डॉक्टर नको म्हणाले, मी नको म्हणालो, वहिनींनी मात्र अण्णांचं धुतलेलं धोतर काढून ठेवलं. महेश जीप घेऊन आला. अहमदपूरमार्गे जाताना प्रत्येक खड्ड्याला अण्णा डोळे मिटत होते. माझ्याजवळ तेव्हा दोनच फिल्मा उरल्या होत्या, एका होल्डरच्या दोन अंगांना दोन. बाकीच्या मी हिमायतनगरच्या डोंगरांवर उधळल्या होत्या. नवा डबा मुंबईहून निघाला होता, तो यायचा होता.

कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून, वर शाल टाकून कोप उभी केली होती. आत पाच दगडांचे पांडव, चुन्यानं रंगवलेले. शेंगभाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, ताकातल्या आंबिलाचं मडकं. पाहुणे आले होते, बायका एकमेकींना वाढत होत्या, पोरं ऊस मोडत होती. अण्णा कोपीच्या तोंडाशी टेकून बसले. त्यांच्या ताटात वहिनींनी सगळं वाढलं, दोन चमचे आंबील त्यांच्या घशाखाली उतरलं, आणि बाकीचं ताट त्यांनी नुसतं बोटानं चाचपून बघितलं, भज्जी कशी झालीय ते. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. म्हणजे सगळे न बघण्याची काळजी घेत होते.

दुपार कलली आणि मला हवा होता तसा उजेड आला. वारा पडला. मी पूर्वेच्या उंच बांधावर तिपाई लावली. माझं काळं कापड पातळ होतं, ऊन आत शिरायचं, म्हणून अण्णांनी त्यांची काळी घोंगडी मला आधीच देऊन टाकली होती. ती डोक्यावर घेतली आणि काचेवर बघितलं, तर आमचं सगळं रान, ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत, उलटं लटकत होतं, एकेक कणीस वेगळं. असं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. होल्डर लावला, झाकण ओढलं, एक सेकंद उजेड घेतला. तेवढ्यात ज्वारीच्या मधोमध काही तरी हललं. अण्णा होते. कधी उठले, कधी आत शिरले कळलंच नाही. वाकून तण उपटत होते.

मी ओरडलो. माणसांसमोर, पाहुण्यांसमोर. "अण्णा, किती वेळा सांगायचं? बाजूला व्हा ना. चित्रात येताय तुम्ही."

ते चटकन सरळ झाले. हातातलं तण तसंच. डावीकडे बांधाला एक बोरीचं झाड आहे, तिकडे सरकायला लागले. मी हातानं खूण केली, अजून. ते सरकले. अजून थोडं. ते पाठमोरे न होता, माझ्याकडे तोंड ठेवूनच मागे मागे गेले आणि बोरीपाशी थांबले. मला वाटलं, गेले बाहेर. होल्डर उलटवला, शेवटच्या फिल्मवर उजेड घेतला आणि म्हणालो, झालं. ह्या खेपेला काही हललं नव्हतं.

होल्डर उन्हात राहू नये म्हणून मी तो कोपीत नेऊन ठेवला. त्याच्याइतकी थंड जागा रानात दुसरी नव्हती. मग महेशबरोबर आंबील शिंपडत पिकाला वेढा घालायला गेलो. आमच्या घरचा रिवाज असा की कोपीत जे ठेवाल त्याची पूजा होते. विळे, खुरपी, जीपची किल्ली, महेशचा मोबाइलसुद्धा. हे मला लहानपणापासून माहीत होतं. परत आलो तर होल्डरवर हळद-कुंकवाची बोटं उमटलेली. मला हसू आलं. रुमालानं पुसला आणि पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नांदेडला न्हाणीघराच्या खिडकीला ती घोंगडी लावून अंधार केला आणि फिल्मा धुतल्या. हे काम मिट्ट काळोखात, आकडे मोजत करावं लागतं. दिवा लावला तेव्हा पहिली फिल्म सबंध काळी होती, तव्यासारखी; उजेड शिरलेली फिल्म अशीच होते. दुसरीही काळी, फक्त एका कडेला दोन बोटं पट्टी शिल्लक. पहिल्यांदा वाटलं, माझंच काही तरी चुकलं. मग ट्रेकडे लक्ष गेलं. फिल्म धुण्याच्या खारवट पाण्यात लाल धागे तरंगत होते. हळद खारात पडली की लाल होते, कुंकू तसंच करतात, हे आमच्या घरात कुणालाही सांगावं लागत नाही. आणि दुसऱ्या फिल्मवर, जिथं काळं संपून पट्टी सुरू होते तिथं, एक बोट उमटलेलं होतं. बाईचं, बारीक.

वहिनींनी पूजा मन लावून केली होती. नुसती वरून नाही, झाकण ओढून आतूनही. पहिल्या अंगाचं झाकण पुरतं काढलं असणार, ते परत बसवताना अवघड गेलं असणार, म्हणून दुसरं पुरतं काढलं नाही. दोन बोटं आत राहू दिलं. मी पालथ्या बादलीवर बसून राहिलो. दाराबाहेर वहिनी अण्णांसाठी मऊ भात घोटत होत्या, पळीचा आवाज येत होता. मरणाऱ्या नवऱ्याची शेवटची इच्छा त्यांच्याच बोटानं पुसली गेली, हे त्यांना सांगायचं? मी ठरवायला फार वेळ घेतला नाही. बाहेर आलो आणि अण्णांना म्हणालो, माझी चूक झाली, झाकण उघडं राहिलं. वहिनी म्हणाल्या, असू द्या भावजी, चुकतं मानसाचं.

उरलेल्या पट्टीचा कागदावर ठसा घेतला. त्यात रान नव्हतंच. डावीकडचा बांध, बोरीची फांदी, आणि अण्णा. चौकटीबाहेर गेले असं मला वाटलं होतं, ते गेले नव्हते. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, शाळेतल्या फोटोसारखे ताठ उभे. एका मुठीत तण. शेजारची ज्वारीची पाती किंचित हललेली, पण अण्णा लख्ख, डोळ्याची कडा दिसावी इतके. मी रागावलो होतो म्हणून त्या एका सेकंदात त्यांनी श्वासही घेतला नसावा.

ती पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उलटी करून मागे बघितलं. "हा तर मीच," ते म्हणाले. "रान कुटाय?"

 फिल्म आली की परत जातो, म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि टाकीकडे तोंड केलं. पट्टी मात्र उशीखाली ठेवली. नवा डबा आज येईल, उद्या येईल, मी रोज कुरियरवाल्याला फोन करायचो. दोन-तीन दिवसांनी अण्णांनी मला परत हाक मारली. तोवर बोलणं जवळजवळ संपलं होतं. पट्टी काढून त्यांनी स्वतःच्या पायांखालची जागा बोटानं दाखवली.

"मला हितं बसवा," म्हणाले. आमच्यात दहन करत नाहीत. विभूती लावून, बसवून, स्वतःच्या रानात माती देतात. "हितं मी कुनाच्या आड येत न्हाई."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. जागा हिशेबी होती. नांगराच्या वाटेत नाही, पाटाच्या वाटेत नाही, आणि माझ्या चित्राच्याही वाटेत नाही, असं त्यांना वाटत होतं. संक्रांतीच्या आधी ते गेले. महेशनं विचारलं, काका, कुटं म्हनले होते नेमकं? मी पट्टी काढली. बोरीच्या बुंध्यापासून अंतर काढलं, टेपचं एक टोक मी धरलं, एक महेशनं. आयुष्यात इतक्या जमिनी आखल्या, माणसासाठी आखलेली ही पहिली. परत नांदेडला आलो तर दाराशी फिल्मचा डबा येऊन पडला होता. सुनंदानं सही करून घेतला होता.

गेल्या वर्षी मी पाय दुखतोय म्हणून सांगितलं आणि गेलो नाही. यंदा गेलो. ज्वारी आता आमच्याकडे फारसं कुणी पेरत नाही, सगळीकडे हरभरा. महेशनं मात्र आमच्या रानात पेरली आहे, का ते मी विचारलं नाही. गावच्या घरात भिंतीवर ती पट्टी मोठी करून, काचेत घालून लावली आहे. उंच, अरुंद, दाराच्या फटीतून बघितल्यासारखे अण्णा. त्यांचा दुसरा फोटो वहिनींनी लावलाच नाही. म्हणतात, ह्यात ते माज्याकडं बगायलेत. खरं तर ते माझ्याकडे बघत होते.

उजेड कलला तसा मी त्याच बांधावर, त्याच जागी तिपाई लावली. घोंगडीला अजून त्यांच्या तंबाखूचा वास येतो. काचेवर रान लटकत होतं, तेवढंच लख्ख, आणि उजव्या कडेला, म्हणजे खरं तर डावीकडे, बोरीखाली समाधीचा चौथरा. वहिनी तिथं नैवेद्य ठेवत होत्या. कॅमेरा त्यांच्याकडे वळलेला दिसला तशा त्या लगबगीनं उठल्या. "थांबा भावजी, मी सरकते. आड येतंय तुमाला."

"वैनी, तिथंच थांबा," मी घोंगडीतून डोकं काढून म्हणालो. "कुणी आड येत नाही." एवढं बोलायला मला दोन वर्षं लागली, आणि ज्यांना म्हणायचं होतं ते ऐकायला नव्हते.

त्या समाधीशेजारी उभ्या राहिल्या, मी एक सेकंद उजेड घेतला. मग त्या बांधावर आल्या आणि पूजेसाठी होल्डर मागितला. म्हणाल्या, "मागच्या येळी मी आतनं बी हळद-कुकू लावलं होतं. त्याचीच पुन्याई म्हनायची. तुमचं सगळं गेलं, हे तेवढे राहिले. यंदा बी लावू का?"

पिशवीत रिकामा होल्डर होता, तो पुढे करता आला असता. हात तिकडे गेलाही. पण ह्या चित्रात सगळं रान होतं, ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत, कणसं मोजता येतील असं, आणि ज्यांना ती मोजायची होती ते चौथऱ्याखाली बसले होते. हे रान मी आता कुणाला नेऊन दाखवणार होतो? मी भरलेला होल्डर वहिनींच्या हातात दिला. फोटो घेतलेलं अंग वर केलं, झाकणाची कड दाखवली; त्या कडेखालच्या दोन बोटांत बोर, चौथरा आणि वहिनी होत्या.

"लावा," म्हणालो. "फक्त सगळं ओढू नका, वैनी. मागच्यासारखंच दोन बोटं आत राहू द्या."

वहिनींनी झाकण ओढलं, शेवटाला थांबून दोन बोटं मोजली, आणि हळदीचं बोट आत घातलं.